जुन्या जीपची जागा कोण घेणार?

धाराशिव जिल्ह्यात 'जीप' हा शब्द अनेक वर्षे वाहनाच्या एका संपूर्ण वर्गासाठी वापरला गेला. तहसीलदारांची जीप, गटविकास अधिकाऱ्यांची जीप, साखर कारखान्याच्या शेतकी खात्याची जीप, निवडणुकीच्या प्रचाराची जीप आणि तुळजापूरच्या भाविकांना स्थानकावरून गावोगावी पोहोचविणारी काळी-पिवळी जीप अशी तिची अनेक रूपे होती. त्यांतील बहुतेक आता भंगारात गेली किंवा गोठ्याशेजारी उभी राहिली. तरीही शिवारात वस्ती असलेल्या अनेक कुटुंबांत जुनी फोर व्हील ड्राइव्ह जीप आजही चालू स्थितीत आहे. कागदपत्रांची मुदत, सुट्या भागांची टंचाई आणि वाढता दुरुस्ती खर्च यांमुळे ती बदलण्याचा प्रश्न या कुटुंबांपुढे येतो. नवे वाहन कोणते घ्यावे, यापेक्षा जुने वाहन नेमके कोणते काम करीत होते, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. त्या दृष्टीने या वाहनाचा इतिहास, तंत्र, नियम आणि उपलब्ध पर्याय यांची ही माहिती.

चारचाकी आणि फोर बाय फोर

मराठीत 'चारचाकी' म्हणजे कोणतीही मोटार. 'फोर व्हील ड्राइव्ह' किंवा 'फोर बाय फोर' हा मात्र वेगळा प्रकार आहे. सामान्य मोटारीत इंजिनाची शक्ती पुढच्या अथवा मागच्या दोनच चाकांना मिळते. उरलेली दोन चाके नुसती फिरतात. फोर बाय फोर वाहनात गिअर पेटीला जोडून आणखी एक पेटी असते. तिला ट्रान्स्फर केस म्हणतात. या पेटीतून शक्ती पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही आसांकडे वळविता येते.

पारंपरिक जीपमध्ये या पेटीच्या दांड्याला तीन प्रमुख स्थिती असतात. पहिलीत केवळ मागची चाके ओढतात. डांबरी रस्त्यासाठी ती योग्य. दुसरीत चारही चाके ओढतात. ओली माती, वाळू व मुरूम यांसाठी ती वापरतात. तिसरीत चारही चाके ओढतातच, शिवाय वेग कमी होऊन ओढ वाढते. खडी चढण, नाल्याचा उतार किंवा रुतलेले वाहन काढणे यांसाठी तिचा उपयोग होतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर अशी जीप चारही चाकांवर चालवू नये. वळणावर पुढची व मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात आणि तो ताण थेट दातेरी चक्रांवर येतो.

दोन गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. फोर बाय फोरमुळे वाहन पुढे सरकण्यास मदत होते, थांबण्यास नाही. ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना या वाहनाला वेगळा लाभ मिळत नाही. दुसरे असे, की चारही चाकांना शक्ती मिळत असली तरी साध्या डिफरन्शियलमुळे ती घसरणाऱ्या चाकाकडे निघून जाते. म्हणूनच काही वाहनांत डिफरन्शियल लॉक देतात आणि अलीकडच्या वाहनांत घसरणारे चाक ब्रेकने आपोआप रोखले जाते.

रणांगणापासून शिवारापर्यंत

जीपचा जन्म दुसऱ्या महायुद्धात झाला. अमेरिकेच्या विलिस व फोर्ड या कंपन्यांनी युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीपा बनविल्या. युद्ध संपत आले तेव्हा, १९४५ मध्ये, विलिसने नागरी जीप बाजारात आणली आणि तिची जाहिरात प्रामुख्याने शेतकऱ्यांसाठी केली. नांगर ओढणारे, यंत्र चालविणारे आणि बाजाराला जाणारे वाहन म्हणून ती विकली गेली.

भारतात जीप आणण्याचे श्रेय महिंद्र समूहाकडे जाते. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या 'महिंद्र अँड मोहम्मद' या पोलाद व्यापारी कंपनीचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले व पुढे तेथील गव्हर्नर जनरल झाले. कंपनीचे नाव १९४८ मध्ये 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. विलिसशी झालेल्या करारानुसार सुट्या भागांत आलेल्या जीपा मुंबईत माझगाव येथे जोडल्या जाऊ लागल्या आणि हळूहळू त्यांचे भाग देशातच तयार होऊ लागले.

पेट्रोलवरची जीप ग्रामीण ग्राहकाला महाग पडत असे. त्यामुळे डिझेल इंजिन हा मोठा टप्पा ठरला. १९७९ मध्ये महिंद्रने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी डिझेल इंजिनासाठी करार केला. २११२ सीसीचे हे इंजिन बसविलेली एमएम ५४० ही जीप सरकारी कार्यालये, लष्कर आणि बागायतदार या तिन्ही वर्गांत रुजली. पुढे कमांडर, आर्मडा व मार्शल ही लांब अंगाची वाहने आली. काळी-पिवळी म्हणून ओळखली गेलेली अनेक वाहने याच कुळातील होती.

या वाहनांचे बलस्थान साधेपणात होते. जाड पत्र्याचे अंग, शिडीसारखा भक्कम सांगाडा, कमान पाटे आणि विजेवर फारसे अवलंबून नसलेले डिझेल इंजिन यांमुळे तालुक्याच्या गावचा मिस्त्रीही ती उघडून जोडू शकत असे. आज या जुन्या जीपविषयी जो विश्वास बोलून दाखविला जातो, तो तिच्या वेगाविषयी वा सुखसोयींविषयी नसतो. बिघडली तरी ती जवळच दुरुस्त होईल, याविषयीचा तो असतो.

जमीन ठरविते वाहन

धाराशिव जिल्ह्यातील आठही तालुक्यांत वाहनाची गरज सारखी नाही. बालाघाटच्या डोंगररांगा जिल्ह्यातून जातात. पठारावर मुरमाड, दगडी जमीन आहे, तर तेरणा, मांजरा व सीना या नद्यांच्या खोऱ्यांत काळी कसदार माती आहे.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळल्यावर भेगाळते. पावसात ती टायरच्या खाचांत घट्ट बसते, टायर गुळगुळीत होतो आणि चारही चाके फिरूनही वाहन जागचे हलत नाही. वाफसा येईपर्यंत रानात वाहन न घालणे हाच जुना शहाणपणा येथे उपयोगी पडतो. अशा जमिनीत वाहनाचे वजन निर्णायक ठरते. सुमारे एक टन वजनाची मारुती जिप्सी ज्या पाणंद रस्त्यावरून निघून जाते, तेथे दोन टनांचे शक्तिशाली वाहन रुतू शकते. टायरची जात आणि हवेचा दाब यांनाही इंजिनाइतकेच महत्त्व असते.

पठारावरील प्रश्न वेगळा आहे. तेथे चिखल कमी आणि दगड जास्त. भूम, वाशी, कळंब या भागांत पवनचक्क्यांकडे जाणाऱ्या कच्च्या वाटा, येडशी-रामलिंग परिसरातील वनरस्ते अशा ठिकाणी पोटाखालची उंची आणि कमी वेगाचा गिअर उपयोगी पडतो. जमिनीपासून पुरेसे उंच असलेले दोन चाकांवर चालणारे वाहनही कोरड्या दिवसांत येथे काम भागविते.

पुराच्या पाण्याबाबत मात्र कोणत्याही वाहनावर विसंबू नये. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत परंडा व भूम तालुक्यांत पुराने वेढलेल्या नागरिकांच्या सुटकेसाठी हेलिकॉप्टरची मदत घ्यावी लागली. वाहत्या पाण्याची खोली साधारण दोन फूट झाली, तर बहुतेक मोटारी, त्यात मोठी एसयूव्हीही आली, तरंगून वाहून जाऊ शकतात. उत्पादक सांगतात ती पाण्यातून जाण्याची मर्यादा संथ पाण्यासाठी असते, पुलावरून वाहणाऱ्या लोंढ्यासाठी नव्हे.

रस्ता सुधारला, गरज बदलली

जुन्या जीपची जागा जिल्ह्यात प्रत्यक्षात कोणी घेतली, याचे उत्तर रस्त्यांवर दिसते. ती जागा दुसऱ्या फोर बाय फोरने घेतली नाही. बोलेरोने घेतली, आणि बहुतेक बोलेरोंची केवळ मागची चाके ओढतात. आर्मडाच्या सांगाड्यावर बेतलेली बोलेरो २००० मध्ये बाजारात आली. त्याच वर्षी २५ डिसेंबर रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. हा योगायोग असला, तरी दोन्ही घटनांचा परिणाम एकाच दिशेने झाला. वाडी-वस्तीपर्यंत डांबर पोहोचू लागले आणि चारही चाकांना शक्ती देणाऱ्या यंत्रणेसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण बहुसंख्य ग्राहकांपुरते उरले नाही.

महामार्गांचेही रूप पालटले. सोलापूर, तुळजापूर, धाराशिव, बीड असा जाणारा जुना २११ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आज ५२ क्रमांकाने ओळखला जातो आणि चौपदरी आहे. नळदुर्ग व उमरगामार्गे हैदराबादकडे जाणारा पूर्वीचा ९ क्रमांकाचा महामार्ग आता ६५ झाला. तुळजापूरहून लातूर, नांदेडकडे ३६१ क्रमांकाचा महामार्ग जातो. या रस्त्यांवर जुन्या जीपच्या मर्यादा उघड्या पडतात. पाट्यांवर उसळणारी, एअरबॅग व एबीएस नसलेली, ताशी ६०-७० किलोमीटरलाच दमणारी जीप वेगवान वाहतुकीत बसणाऱ्यांसाठी धोक्याची ठरू शकते. रुग्णाला सोलापूर वा लातूरच्या रुग्णालयात न्यावयाचे असेल, तेव्हा हा फरक प्रकर्षाने जाणवतो.

म्हणजे शिवारातला शेवटचा एक-दोन किलोमीटरचा पाणंद रस्ता आणि पुढचा शंभर किलोमीटरचा महामार्ग या दोन टोकांच्या गरजा एकाच वाहनाने भागवावयाच्या आहेत. बदलाचा निर्णय अवघड होतो तो येथे.

लष्करालाही सोपे गेले नाही

विश्वासाचे जुने वाहन बदलणे किती कठीण असते, याचे देशातील सर्वांत मोठे उदाहरण भारतीय लष्कराचे आहे. निस्सानच्या वाहनावर आधारित आणि जबलपूरच्या सरकारी कारखान्यात तयार होणारी 'जोंगा' अनेक वर्षे लष्कराच्या सेवेत होती. तिचे उत्पादन १९९९ मध्ये थांबले. तोवर एमएम ५४० आणि मारुती जिप्सी यांनी तिची जागा घेतली होती.

जिप्सी डिसेंबर १९८५ मध्ये ९७० सीसीच्या पेट्रोल इंजिनासह आली. १९९६ मध्ये तिला १.३ लिटरचे इंजिन मिळाले. लष्कराने तीस हजारांहून अधिक जिप्सी घेतल्या. कमी वजन हा तिचा मोठा गुण. बर्फ, वाळू व चिखल यांतून ती निघे आणि रुतलीच तर जवान ती ढकलून काढू शकत. पण ५०० किलो भारवहन, कापडी छप्पर आणि पेट्रोल इंजिन या तिच्या मर्यादाही होत्या.

म्हणून लष्कराने ८०० किलो भारवहन, टणक छप्पर व वातानुकूलन असलेल्या वाहनाचा शोध घेतला. दीर्घ चाचण्यांनंतर एप्रिल २०१७ मध्ये टाटा सफारी स्टॉर्मची ३१९२ वाहनांची मागणी नोंदविली गेली. स्टॉर्मचे नागरी उत्पादन मात्र २०१९ मध्येच संपले. त्याच वर्षी सुरक्षाविषयक नव्या निकषांमुळे जिप्सीचीही सर्वसामान्यांसाठीची विक्री बंद झाली. लष्कराने त्यानंतरही काही जिप्सी घेतल्या. २०२३ मध्ये स्कॉर्पिओ क्लासिकच्या १४७० आणि नंतर १८५० वाहनांची मागणी दोन टप्प्यांत दिली गेली. मार्च २०२५ मध्ये पुण्याच्या फोर्स मोटर्सला २९७८ गुरखा वाहनांची मागणी मिळाली, आणि या वेळी वर्णन होते ८०० किलो भारवहन, पण छप्पर पुन्हा कापडी.

एका जिप्सीची जागा घेण्यासाठी तीन कंपन्यांची तीन वाहने लागली. भार, सुरक्षा व सुखसोयी वाढल्या, परंतु हलकेपणा व साधेपणा गेला. सामान्य वाहनमालकालाही हाच हिशेब करावा लागतो.

नियम काय सांगतात

राज्य व केंद्र सरकार, नगरपालिका, पंचायती, सार्वजनिक उपक्रम यांच्या मालकीच्या १५ वर्षांहून जुन्या वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द करण्यात आली. संरक्षण, कायदा व सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेच्या कामातील विशेष वाहनांना त्यातून वगळले आहे. सरकारी कार्यालयांतील जुन्या जीपांचे दिवस संपण्याचे हे एक प्रमुख कारण.

खासगी जीपला मात्र वयाच्या कारणावरून महाराष्ट्रात सरसकट बंदी नाही. डिझेल वाहनाला दहा वर्षांची मर्यादा घालणारा नियम दिल्ली व राष्ट्रीय राजधानी परिसरापुरता आहे. महाराष्ट्रातील खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे चालते आणि त्यानंतर तपासणीत वाहन योग्य ठरल्यास ती दर वेळी पाच वर्षांसाठी वाढविता येते. हलक्या मोटारीसाठी हे शुल्क पाच हजार रुपये आहे; ऑगस्ट २०२५ मधील बदलानुसार २० वर्षांहून जुन्या मोटारीसाठी ते दहा हजार रुपये झाले. याशिवाय पर्यावरण कर भरावा लागतो. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टीही बंधनकारक आहे.

जुनी जीप विकताना वा विकत घेताना इंजिनाचा प्रकार, इंजिन क्रमांक, सांगाडा क्रमांक आणि इंधन यांची नोंदणीपत्राशी पडताळणी करावी. अनेक जीपांमध्ये मूळ इंजिन काढून दुसरे बसविलेले असते. मूळ रचनेत नियमबाह्य बदल केलेल्या वाहनाची नोंदणी करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. अशा जीपचे हस्तांतरण अडकू शकते.

पेट्रोल जीप वा जिप्सी ठेवणाऱ्यांनी आणखी एक बाब लक्षात घ्यावी. उसाच्या या पट्ट्यात ओळखीचे असलेले इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. जुन्या वाहनांतील रबरी नळ्या व गॅस्केट त्यासाठी बनविलेले नाहीत. ते तपासून वेळेवर बदलणे हिताचे.

आजचे पर्याय

फोर बाय फोर खरोखरच आवश्यक असेल, तर पर्याय मोजके आहेत.

थार : २०१० मध्ये आलेल्या थारची दुसरी पिढी २ ऑक्टोबर २०२० रोजी आली. पोटाखालची उंची २२६ मिलिमीटर. डिझेल व पेट्रोल दोन्ही इंजिनांसह फोर बाय फोर मिळते. वजन पावणेदोन टनांच्या आसपास. तीन दारांची असल्याने मोठ्या कुटुंबाला अपुरी. त्यांच्यासाठी २०२४ पासून पाच दारांची रॉक्स आहे. थारच्या काही आवृत्त्यांत केवळ मागची चाके ओढतात, त्यामुळे नावावर न जाता आवृत्ती तपासावी.

जिम्नी : जून २०२३ मध्ये आलेली जिप्सीची वारसदार. वजन सुमारे १२०० किलो, म्हणून काळ्या मातीत लाभदायक. केवळ पेट्रोल इंजिन आणि चारच आसने, हे तिचे उणे.

गुरखा : २.६ लिटर डिझेल इंजिन आणि पुढील-मागील दोन्ही आसांना स्वतंत्र डिफरन्शियल लॉक. खडतर वाटांसाठी सक्षम, पण जड. तीन व पाच दारांत उपलब्ध.

स्कॉर्पिओ-एन : महामार्गावर अधिक आरामदायी. डिझेलच्या काही आवृत्त्यांत फोर बाय फोर. किंमत व आकार दोन्ही मोठे.

कररचनाही विचारात घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आत लांबी आणि १२०० सीसीपर्यंत पेट्रोल अथवा १५०० सीसीपर्यंत डिझेल इंजिन असलेल्या मोटारींवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. त्यापुढील मोटारींवर ४० टक्के. बोलेरो आणि मागच्या चाकांवर चालणारी डिझेल थार कमी कराच्या गटात बसतात. वरील सर्व फोर बाय फोर वाहने ४० टक्क्यांच्या गटात जातात. चारही चाकांची शक्ती आता यंत्रणेच्या किमतीबरोबर करामुळेही महाग पडते.

निर्णयापूर्वी

गेल्या वर्षभरात जीपचा पुढचा दांडा किती वेळा ओढावा लागला, हे प्रथम आठवावे. वर्षातून चार-पाच वेळाच तशी वेळ येत असेल आणि तेव्हा शेजारचा ट्रॅक्टर हाताशी असेल, तर उंच, मागच्या चाकांवर चालणारे वाहन व चांगले टायर पुरेसे आहेत. पावसाळ्यात रोज पाणंद ओलांडूनच शाळा, दूध संकलन केंद्र वा दवाखाना गाठावा लागत असेल, तर फोर बाय फोरला पर्याय नाही आणि त्यातही हलके वाहन अधिक उपयोगी.

नव्या वाहनाचे अधिकृत सेवा केंद्र किती अंतरावर आहे, हेही पाहावे. आजच्या डिझेल इंजिनात संवेदक, संगणकीय नियंत्रण व धूर गाळणारी यंत्रणा असते. गावातल्या गावात, कमी वेगात, थोड्या थोड्या अंतराची धाव घेतल्यास ही गाळणी चोंदते. ती मोकळी होण्यासाठी अधूनमधून मोठा पल्ला सलग चालवावा लागतो. जुन्या जीपला अशी अट नव्हती.

कुटुंबाकडे जागा व थोडी ऐपत असेल, तर तिसरा मार्गही आहे. महामार्गासाठी सुरक्षित साधी मोटार घ्यावी आणि कागदपत्रे नियमित ठेवून जुनी जीप शिवारापुरती राखावी. तिचे नूतनीकरण शुल्क, कर व देखभाल यांचा पाच वर्षांचा एकत्रित खर्च काढून तो नव्या फोर बाय फोरच्या हप्त्यांशी ताडून पाहावा. ज्या जीपचा सांगाडा गंजला आहे किंवा ब्रेक व सुकाणू भरवशाचे राहिले नाहीत, ती मात्र ठेवू नये. नोंदणीकृत केंद्रात मोडीत काढल्यास मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या खासगी वाहनाच्या मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. राज्यात लागू असलेला दर प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारून घ्यावा.

जुन्या जीपने शेत, बाजार, लग्न आणि दवाखाना ही चारही कामे एकट्याने केली, कारण त्या काळी या चारही ठिकाणी जाणारा रस्ता एकसारखाच कच्चा होता. आज रस्ते वेगवेगळे झाले आहेत. त्यामुळे तिच्यासारखे सर्व कामांचे एकच वाहन शोधण्यात वेळ घालविण्याऐवजी आपल्या घरापासून डांबरापर्यंतचे अंतर मोजावे. निवड बऱ्याच अंशी तेथेच ठरते.